रान विकायच्या आधी

गेल्या उन्हाळ्यात भूम तालुक्यातून एका काकांचा फोन आला. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झालेली, सोलापुरात दवाखान्यात तीन वर्षं नोकरी करते. कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथल्या कायमच्या वास्तव्याची, फाईल लावायची होती. एजंटानं सांगितलं होतं की नुसत्या इंग्रजीवर पॉइंट बसत नाहीत, फ्रेंच दाखवलं तर बसतील. काकांनी सरळ विचारलं, "ताई, ते फ्रेंचचं सर्टिफिकेट कितीला पडतं? दोन एकर रानाला गिऱ्हाईक आलंय, त्याला काय सांगू?"

मी मूळची उमरग्याची. गेली सतरा वर्षं पुण्यात फ्रेंच शिकवते. गाव सुटलं तरी नंबर गावाकडं फिरत राहतो, त्यामुळं असे फोन मला कळंबहून, परंड्याहून, तुळजापूरहून येतात. काकांना जे सांगितलं तेच आज धाराशिव जिल्ह्यातल्या सगळ्या आईबापांना आणि त्यांच्या शिकलेल्या लेकरांना सांगायचं आहे. गिऱ्हाइकाला थांबायला सांगा. आधी भाषा, मग फाईल, आणि पैसा सगळ्यात शेवटी.

एजंट खोटं बोलला नव्हता, पण त्यानं अर्धंच सांगितलं होतं. कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन राजभाषा आहेत. क्वेबेक प्रांताबाहेर राहणाऱ्या फ्रेंच भाषकांचं लोकसंख्येतलं प्रमाण १९७१ साली ६.१ टक्के होतं, नंतर ते घसरत गेलं. ते पुन्हा वर आणायचं तिथल्या सरकारनं ठरवलं आहे. म्हणून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर पीआरसाठी बोलावण्याच्या पद्धतीत, २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांचे वेगळे ड्रॉ निघू लागले. २९ फेब्रुवारी २०२४ च्या अशा ड्रॉमध्ये ३३६ गुणांवर बोलावणं आलं, तेव्हा सर्वसाधारण ड्रॉ पाचशेच्या वर चालले होते. हा ३३६ चा आकडा एजंटांच्या तोंडी कायम असतो. त्यानंतरचे फ्रेंच ड्रॉ बहुतेक वेळा त्याच्या बरेच वर राहिले, हे मात्र ते सांगत नाहीत. शिवाय ड्रॉ कधी काढायचा आणि कितीवर काढायचा हे कॅनडा ठरवतं. त्याची हमी देणारा माणूस समोर बसला असेल, तर चहा घेऊन उठा.

फ्रेंच आल्यानं गुण वाढतात ते असे. चारही कौशल्यांत ठरलेली पातळी गाठली आणि इंग्रजीही बेताचं बरं असलं, तर ५० जादा गुण मिळतात. त्याशिवाय दुसऱ्या राजभाषेचे म्हणून अविवाहित उमेदवाराला त्या पातळीवर आणखी १२ मिळतात. म्हणजे ६२. मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफर लेटरचे गुण कॅनडानं काढून टाकले आहेत. तरीही ऑफर लेटरनं गुण वाढवून देतो म्हणून लाखो रुपये मागणारे आजही भेटतात. ऑफर लेटर विकत घेता येत होतं, म्हणून त्याचा बाजार मांडला गेला होता. भाषा परीक्षा हॉलमध्ये स्वतःच्या तोंडून बोलावी लागते, तिथं एजंटाचा हात पोचत नाही.

आता पुरावा कशाला म्हणतात ते नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जातो. एक्स्प्रेस एंट्रीसाठी फ्रेंचच्या दोनच परीक्षा चालतात, टीईएफ कॅनडा आणि टीसीएफ कॅनडा. नावातला 'कॅनडा' हा शब्द महत्त्वाचा आहे, त्याच नावांच्या साध्या परीक्षा वेगळ्या असतात. बारावीला फ्रेंच घेऊन शंभरातले अठ्ठ्याण्णव मिळाले असतील, तर त्याचा इथं उपयोग नाही. क्लासचं प्रमाणपत्रही चालत नाही. आणि मुलांना सगळ्यात जास्त धक्का बसतो तो डेल्फचा. डेल्फ ही फ्रान्स सरकारची पदविका, तिला मुदत नसते, आमच्या पोरांनी मान मोडून मिळवलेली असते. पण एक्स्प्रेस एंट्रीत तीही धरत नाहीत. डेल्फच्या बी-२ पातळीची तयारी वाया जात नाही, कारण लागणारी पातळी साधारण तीच आहे. परीक्षा मात्र पुन्हा द्यावीच लागते.

ती पातळी म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवरची एनसीएलसी ७. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही अंगांत प्रत्येकी सात. इथं सरासरी काढत नाहीत. वाचनात नऊ आणि बोलण्यात सहा पडले, तर फ्रेंचच्या ड्रॉसाठी तुम्ही बाहेर. टीसीएफ कॅनडात सातसाठी ऐकण्यात ६९९ पैकी किमान ४५८, वाचनात ४५३, आणि लिहिण्या-बोलण्यात वीसपैकी दहा लागतात. वीसपैकी दहा ऐकून पोरं खूश होतात, काठावर पास झाल्यासारखं वाटतं. ते दहा मिळवताना किती घाम निघतो ते मी दरवर्षी बघते.

आपल्याकडची मुलं वाचनात चांगली असतात. गाईड वाचून, प्रश्नपत्रिका सोडवून मोठी झालेली पोरं, व्याकरणात त्यांना हरवणं सोपं नाही. ती अडकतात ऐकण्यात आणि बोलण्यात. टीसीएफमध्ये संवाद एकदाच ऐकवतात, ३५ मिनिटांत ३९ प्रश्न. टीईएफ कॅनडात बोलण्याची परीक्षा १५ मिनिटांची. पहिली पाच मिनिटं एक जाहिरात समोर असते. ती देणाऱ्याला फोन लावला आहे असं धरून तुम्ही माहिती विचारायची. पुढची दहा मिनिटं परीक्षक तुमचा मित्र होतो, आणि एखादी गोष्ट करायला तुम्ही त्याला राजी करायचं. तो नाही म्हणत राहतो, तुम्ही नवं कारण द्यायचं. पाठ केलेलं भाषण इथं दुसऱ्या मिनिटाला संपतं.

याचा सराव घरी होतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. तुळजापूरला खोली हवी आहे: किती माणसं, किती दिवस, गरम पाणी आहे का, गाडी कुठं लावायची, देवीच्या गर्दीच्या दिवसांत भाडं वाढतं का. हे सगळं फ्रेंचमध्ये विचारून बघा. सोयाबीनच्या मळणीयंत्राचं भाडं ठरवा. मग मैत्रिणीला पटवा की तिनं एमपीएससीचा अभ्यास सोडू नये, किंवा सोडावा, काहीही. स्वतःचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्यांदा ऐकवत नाही. तरी ऐका.

पॅरिसच्या फॅशनवर मुलांची गाडी अडते आणि मळणीयंत्रावर धावते. जे आपल्या अंगचं आहे त्यावर माणूस बोलतो. पहिल्या भागात अनोळखी माणसाशी 'तुम्ही', दुसऱ्यात मित्राशी 'तू', हा भेद फ्रेंचमध्ये काटेकोर पाळावा लागतो आणि तो चुकला तर परीक्षकाला लगेच खटकतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना तो समजावून सांगावा लागतो. मराठी बोलणाऱ्याला काय समजवायचं? तो मामाला आणि मामेभावाला वेगवेगळं बोलतच वाढलेला असतो. भिंत 'ती' आणि दगड 'तो', असं का, हे आपण कधी विचारलं नाही. म्हणून फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी निघालं की आपली पोरं मुकाट्यानं पाठ करतात. 'घर' लिहितो आणि शेवटचा 'अ' बोलत नाही, तसं फ्रेंच माणूस शब्दाच्या शेवटची अक्षरं पुष्कळदा गिळतो. आणि माझी आजी शेळ्यांचा हिशेब विसांत करायची, चार विसा म्हणजे ऐंशी. फ्रेंच माणूस ऐंशीला 'कात्र-व्हँ' म्हणतो, म्हणजे चार वीस, आणि नव्वदला चार वीस दहा. हे वर्गात सांगितलं की मराठवाड्यातल्या मुलांचे चेहरे उजळतात.

फ्रेंच म्हणजे आपल्याला न झेपणारी, शहरातल्या मोठ्या शाळांची भाषा, असं जे मनात बसलंय ते आधी काढून टाका. १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू. आपल्या पणजोबा-आजोबांनी घरी मराठी बोलून उर्दूतून गणितं सोडवली, अर्ज लिहिले, नोकऱ्या मिळवल्या. रोजीरोटीसाठी परकी राजभाषा शिकणं या मातीला नवं नाही.

वेळ मात्र लागतो. अगदी पहिल्या धड्यापासून बी-२ पर्यंत शिकवणारे साधारण पाचशे ते साडेसहाशे तास धरतात. रोज दोन तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे सरळ वर्ष. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या नर्सला दीड वर्ष धरा. 'तीन महिन्यांत एनसीएलसी सात' अशी जाहिरात दिसली की या हिशेबाला लावून बघा. रोज किती तास बसावं लागेल ते तुमचं तुम्हालाच कळेल. काकांच्या मुलीला मी सांगितलं, पहिले चार महिने स्वस्तातला ऑनलाइन वर्ग लाव, नोकरी सोडू नकोस. चार महिन्यांनी तू दिवसभरात काय केलंस ते मला पाच मिनिटं न अडखळता सांगता आलं, तर पुढं जाऊ. नोकरी सोडू नकोस म्हणाले त्याला कारण आहे. फ्रेंच कितीही चांगलं आलं तरी एक्स्प्रेस एंट्रीच्या मूळ अटी सुटत नाहीत: कुशल कामाचा अनुभव, पदवीचं मूल्यांकन, आणि खात्यावर स्वतःचे पैसे. एकट्या माणसाला ते सध्या पंधरा हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास दाखवावे लागतात, आणि आकडा दरवर्षी बदलतो. रान विकायचा प्रश्न आलाच तर इथं येतो, आणि तोही निकाल हातात पडल्यावर.

निकालाला मुदत असते, दोन वर्षांची. प्रोफाइल भरताना तो जिवंत हवा आणि बोलावणं आल्यावर पीआरचा अर्ज टाकतानाही जिवंत हवा. म्हणून घाईनं आधी परीक्षा देऊन मग पदवीच्या कागदांसाठी विद्यापीठाच्या फेऱ्या मारू नका. शिकणं चालू असतानाच कागद गोळा करायला लागा.

आणखी एक मोठा गैरसमज आहे. फ्रेंच म्हणजे क्वेबेक, मॉन्ट्रियल, असं सगळे धरून चालतात. क्वेबेक आपले स्थलांतरित स्वतः निवडतं, १९९१ च्या करारापासून. तिथले नियम वेगळे, अर्जाची वाट वेगळी, आणि ते नियम वारंवार बदलतात. आपण ज्या ड्रॉबद्दल बोलतोय तो क्वेबेक सोडून बाकीच्या कॅनडासाठी आहे, आणि तुम्ही क्वेबेकबाहेर राहणार असाल तरच तो तुमचा. फ्रेंच बोलून ओंटारिओत, मॅनिटोबात किंवा न्यू ब्रन्सविकमध्ये जायचं. एजंट दोन्ही वाटा एकाच कागदावर दाखवत असेल तर त्याला विचारा, यातली माझी कोणती? पैसे घेऊन कॅनडाची फाईल चालवायचा अधिकार तिथला वकील, क्वेबेकचा नोटरी आणि परवानाधारक सल्लागार एवढ्यांनाच आहे. सल्लागारांची यादी त्यांच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर खुली असते. परवाना क्रमांक मागा आणि घरी बसून तपासा.

माझ्या ओळखीतल्या एका घरानं मोठी रक्कम देऊन 'तयार निकाल' घेतला होता. परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडं पडताळणी झाली आणि सगळं उघडं पडलं. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं की कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं. त्या मुलाला इंग्रजी चांगलं येत होतं, शिकला असता तर फ्रेंचही आलं असतं. हे मला अजून सलतं.

नाव नोंदवताना पासपोर्ट समोर ठेवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर आणखी तिसराच क्रम, वडिलांचं नाव कुठं आहे, कुठं नाही. परीक्षेच्या अर्जात पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव, अक्षर न अक्षर. आपल्या जिल्ह्याचं आणखी एक आहे. जुन्या कागदांवर उस्मानाबाद, नव्यांवर धाराशिव. जन्मस्थळ विचारलं की पासपोर्टवर छापलंय तेच लिहा, आणि नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची एक प्रत फाईलला लावून ठेवा.

शिकायला आता गाव सोडावं लागत नाही, परीक्षेला मात्र जावं लागतं. पुणे, मुंबई, हैदराबाद या तिन्ही शहरांत आलियांस फ्रांसेजच्या संस्था आहेत. कोणत्या केंद्रावर कोणती परीक्षा कधी आहे ते आधी तिथंच विचारा, तारखा लवकर भरतात. उमरगा-लोहाऱ्याच्या मुलांनी हैदराबादचा विचार जरूर करावा, हमरस्ता दारावरून जातो आणि अंतर पुण्यापेक्षा कमी आहे. रात्रभर एसटीत बसून सकाळी थेट केंद्रावर उतरू नका. संवाद एकदाच ऐकायला मिळणार आहे आणि झोप न झालेला कान तो सोडून देतो. एक दिवस आधी पोचा, नात्यातल्या कुणाकडं तरी मुक्काम करा, आणि त्या संध्याकाळी पुस्तक न उघडता कुणाशी तरी तासभर फोनवर फ्रेंच बोला. बोलायला कुणी नसलं तर मला लावा.