रंग पक्का आहे का?

साडीच्या दुकानात गादीवर बसलेली बाई दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारते. "रंग पक्का आहे ना? जाणार नाही ना?" दुकानदार "गॅरंटी आहे ताई" म्हणतो, तरी तिचा विश्वास बसत नाही. संधी मिळाली तर ती कापडाचं टोक ओलं करून चोळते आणि बोटाकडे बघते. रंग आज कसा दिसतो यावर पैसे मोजायचे नसतात, तो पुढेही कसा दिसेल यावर मोजायचे असतात, हे तिला कोणी शिकवावं लागत नाही.

आणि आपण? आर्टिस्ट ग्रेड रंगीत पेन्सिलींच्या पेटीला हजारो रुपये देतो. पन्नास मिलीलीटर जपानी शाईला दीड-दोन हजार देतो. त्याआधी दहा रील्स बघतो, वीस स्वॉच झूम करून पाहतो, टिपकागदासारख्या वहीवर शाई फुटते का ते विचारतो. फक्त 'रंग पक्का आहे का' एवढंच विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जो रंग किती टिकेल हे आपल्याला सांगितलेलं नाही, त्याला 'दर्जेदार' म्हणू नये. कंपनीनं म्हणू नये, रिव्ह्यू करणाऱ्यानं म्हणू नये आणि आपणही म्हणू नये. पहिल्या दिवसाचा स्वॉच म्हणजे डेमो. माझ्या धंद्यात डेमो कोणाचाही चालतो. खरी परीक्षा सिस्टिम प्रत्यक्ष वापरात आल्यावर होते. रंगांच्या बाबतीत मात्र आपण डेमोलाच टाळ्या वाजवून घरी येतो.

रिव्ह्यूमध्ये काय काय असतं ते आठवून बघा. पेन्सिल किती मऊ आहे, एका हातात किती गडद लागते, थरावर थर कसा बसतो, टोक किती लवकर मोडतं. शाईचं असेल तर शेडिंग किती, शिमर किती, निळ्या अक्षरांवर तांबूस चमक, म्हणजे शीन, येते का. या गोष्टी खोट्या नाहीत आणि कामाच्याही आहेत. पण त्या सगळ्या पहिल्या तासाच्या आहेत. त्यातही शीन दिसते ती टोमोए रिव्हरसारख्या, शाई पटकन न शोषणाऱ्या कागदावर. डायचं दाट मिश्रण वर साचून वाळतं म्हणून ती चमक येते. आपल्या झेरॉक्सच्या कागदावर तीच शाई मुकाट निळी होऊन बसते. वर फोनचा कॅमेरा सॅच्युरेशन वाढवून देणार. म्हणजे जो रंग आपल्या कागदावर तसा दिसणारच नाही, तो आवडला म्हणून आपण विकत घेतो, आणि पुढं त्याचं काय होईल हे विचारतही नाही.

रंग उडतो म्हणजे काय होतं, ते समजायला प्रयोगशाळा लागत नाही. पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला की घरचे काय सांगतात? धुऊन जात नसेल तर उन्हात टाक. दोन-तीन उन्हं खाल्ली की डाग फिकटतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्याला दाद देत नाही, पण उन्हापुढे टिकत नाही. म्हणजे पाण्यात न जाणं आणि उन्हात न विटणं हे दोन वेगळे गुण आहेत. बाटलीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलं म्हणून ती शाई उन्हाला पुरून उरेल असं समजायचं कारण नाही.

रंग देणारे पदार्थ ढोबळमानानं दोन जातींचे. डाय पाण्यात पूर्ण विरघळतो, चहात साखर विरघळते तसा. त्याचा एकेक रेणू सुटा असतो आणि प्रकाशाच्या तडाख्यात उघडा सापडतो. पिगमेंट विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात राहतो. कणाचा बाहेरचा थर मार खातो तेव्हा आतले रेणू बरेचसे शाबूत असतात. म्हणून साधारणपणे पिगमेंट जास्त टिकतो. सगळे पिगमेंट मात्र सारखे नाहीत. गेरू, पिवळी माती, काजळी हे पिढ्यान् पिढ्या जागचे हलत नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवर ते आजही आहेत. झगझगीत गुलाबी, काही जांभळे आणि फ्लुओरेसंट रंग मात्र अनेकदा बेभरवशाचे निघतात.

मी मार्च ते जून या तीन महिन्यांत पश्चिमेच्या खिडकीत कागदाच्या पट्ट्या लावून पाहिल्या, अर्धी पट्टी काळ्या पुठ्ठ्यानं झाकून. जूनमध्ये पुठ्ठा काढला तेव्हा एका महागड्या संचातला गुलाबी, उघड्या बाजूला, पुसून टाकल्यासारखा झाला होता. जांभळ्याचा राखाडी झाला होता. एका सुंदर फिरोजी शाईची ओळ निम्मी शिल्लक होती. शेजारी ओढलेली साध्या शिसपेन्सिलीची रेघ मात्र जशीच्या तशी. ग्राफाइट म्हणजे कार्बन. त्याचं ऊन काय वाकडं करणार?

हा प्रश्न चित्रकलेच्या इतिहासात रडून झालेला आहे. व्हॅन गॉगनं 'जेरॅनियम लेक' नावाचा लाल रंग भरपूर वापरला. तो इओसिन या तेव्हाच्या नव्या कृत्रिम डायपासून बनायचा. इओसिन लाल शायांमध्येही वापरला जातो. नवे रंग विटतात हे व्हॅन गॉगला माहीत होतं, पत्रांत त्यानं तसं लिहिलंही आहे. तरी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली त्याची १८९० सालची गुलाबाची फुलं आज जवळजवळ पांढरी दिसतात. त्यानं ती गुलाबी रंगवली होती.

दुसरं उदाहरण माझ्या धंद्याच्या जवळचं. मार्क रॉथकोनं हार्वर्ड विद्यापीठासाठी पाच मोठी चित्रं केली. ती १९६४ मध्ये तिथल्या एका जेवणाच्या दालनात लागली. त्यात लिथॉल रेड हा पिगमेंट होता आणि दालनाला मोठमोठ्या खिडक्या होत्या. १९७९ पर्यंत चित्रं इतकी विटली की उतरवून ठेवावी लागली. २०१४ मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयानं जुन्या फोटोंवरून मूळ रंग शोधले, कोणत्या बिंदूला किती रंग कमी पडतोय ते सॉफ्टवेअरनं मोजलं आणि तेवढाच प्रकाश प्रोजेक्टरनं चित्रांवर टाकला. चित्रं पुन्हा लाल दिसू लागली. काम अफलातून आहे. पण प्रोजेक्टर बंद केला की समोर पुन्हा विटलेलं कापड. तुमच्या आजीच्या पत्रासाठी किंवा तुम्ही काढलेल्या पोर्ट्रेटसाठी एवढा खटाटोप कोणीही करणार नाही.

आता शाईकडे येऊ. पुण्यातल्या पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रं आजही वाचता येतात. लिपी येत नाही म्हणून आपण अडतो, शाई गेली म्हणून सहसा अडत नाही. ती शाई काजळी आणि डिंकाची. दुसरी जुनी पद्धत लोहाची. हिरड्यातलं किंवा माजूफळातलं टॅनिन आणि लोहाचा क्षार एकत्र आले की कागदावर हवेत काळा रंग पक्का होत जातो. कलमकारीतला काळाही याच जातीचा. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई तर उलट्या डोक्याची. म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी ही शाई १९६२ पासून आपल्या निवडणुकांत आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं आणि उजेड लागला की ती आणखी गडद होते. शाई किती टिकावी याचा विचार करून शाई बनवता येते, हे आपल्याला पक्कं माहीत आहे. फक्त बोटासाठी माहीत आहे, डायरीसाठी नाही.

फाउंटन पेनच्या बहुतेक सुंदर शाया डायच्या असतात, आणि त्यात लबाडी काही नाही. पेनाला त्याच सोसतात. पिगमेंटची शाई पेनात वाळली तर निबच्या मागची वाट बुजवते. लोहाची शाई आम्लधर्मी असते, पेन वेळच्या वेळी धुवावं लागतं. शाळेच्या शाईनं गणवेशावरून धुतल्यावर जावं हाच तिचा गुण. तेव्हा सगळ्यांनी काळी कार्बन शाई भरा आणि सन्यासी व्हा, असं मी म्हणत नाही. मीटिंगच्या नोट्स फिरोजी शाईनं लिहा, खुशाल लिहा. पण ती उडणारी शाई आहे हे ठाऊक असून लिहा. निवड करायला माहिती लागते आणि ती माहितीच आपल्यापासून लांब ठेवलेली आहे.

यावर नेहमीची उत्तरं येतात. पहिलं म्हणजे, "अरे, हौस आहे. इतकं काय?" हौसेला मोल नसतं, मान्य. पण हौसेला अक्कलही नसावी असं कुठं लिहिलंय? शिवाय सगळ्यांची ही हौस नाही. इन्स्टाग्रामवर रंगीत पेन्सिलींची पोर्ट्रेट्स विकून घरभाडं भरणारी मुलं-मुली आहेत. चेहऱ्याच्या रंगात गुलाबी छटा लागतातच. गिऱ्हाईक ते चित्र फ्रेम करून हॉलमध्ये, खिडकीसमोर लावतं. काही वर्षांनी गालावरचा रंग उतरला की नाव कोणाचं खराब होणार? पेन्सिल बनवणाऱ्याचं तर नक्कीच नाही.

दुसरं उत्तर, "स्कॅन करून ठेव ना." हे मला सगळ्यात जास्त ऐकवलं जातं, कारण मी सॉफ्टवेअरवाला. म्हणूनच सांगतो, स्कॅन कायमचा नसतो. त्याला हार्ड डिस्क लागते, बॅकअप लागतो, क्लाउडचं भाडं लागतं, पासवर्ड आठवणारा जिवंत माणूस लागतो. फ्लुओरेसंट गुलाबी आणि शीन तर स्कॅनरला नीट पकडताही येत नाहीत. स्कॅन जरूर करा. पण कागदाच्या वस्तूला कागदावर टिकता यायला हवं.

तिसरं उत्तर, "पक्के रंग म्हणजे श्रीमंतांचे चोचले." उलट आहे. जगातले सर्वांत पक्के रंग स्वस्तातले आहेत: काजळी, गेरू, पिवळी माती, शिसपेन्सिल. दहा रुपयांची शाळकरी पेन्सिल अनेक आयात केलेल्या गुलाबींपेक्षा जास्त जगेल. किंमत आणि टिकाऊपणा यांचं लग्न लागलेलं नाही. म्हणूनच किंमत बघून दर्जा ठरवता येत नाही आणि छापील माहितीची गरज पडते.

ही माहिती देणं अशक्य आहे का? अजिबात नाही. फेबर-कास्टेलच्या पॉलीक्रोमोस पेन्सिलींवर एकेका रंगाला तारे छापलेले असतात. तीन तारे म्हणजे सर्वांत टिकाऊ. रंगीत पेन्सिलींसाठी एएसटीएम डी६९०१ नावाचं मानकच आहे आणि कारन दाशनं आपल्या 'ल्युमिनन्स ६९०१' या मालिकेच्या नावातच तो आकडा घातला. रंग किती विटतो हे मोजायची 'ब्लू वूल' पट्टी तर कापडाच्या धंद्यातून आली. आठ निळ्या लोकरी पट्ट्या, प्रत्येक आधीच्या पट्टीच्या साधारण दुप्पट टिकाऊ. त्या आणि आपला रंग शेजारी शेजारी उन्हात ठेवायचे. तो ज्या पट्टीबरोबर विटला, तो त्याचा नंबर. साडीच्या दुकानातल्या त्या बाईचाच प्रश्न, फक्त आकड्यांत मांडलेला.

आपल्याकडे शाई बनवण्याचं ज्ञान कालचं नाही. दांडेकरांनी कॅम्लिनची सुरुवात १९३१ साली मुंबईत केली ती शाईनंच. स्वदेशीच्या हाकेतून बंगालमध्ये १९३४ साली सुलेखा उभी राहिली. कायद्यामुळे आज प्रत्येक बाटलीवर किंमत आणि मिलीलीटर छापावे लागतात. त्याच लेबलावर आणखी दोन ओळी मावतात: डाय की पिगमेंट, आणि उजेडात टिकण्याची श्रेणी. पेन्सिलींच्या पेटीवर 'नॉन-टॉक्सिक' आणि 'वायब्रंट' यांच्या शेजारी प्रत्येक रंगाच्या पिगमेंटचा क्रमांक मावतो. पीबी१५ म्हणजे कोणता निळा, हे जगभर एकच असतं. हा क्रमांक दिला म्हणून कुणाचं गुपित फुटत नाही.

कंपन्या आपणहून छापणार नाहीत. विचारणारा गिऱ्हाईक लागतो. तेव्हा विचारा. दुकानात विचारा, ऑनलाइन प्रश्नोत्तरांत विचारा, कंपनीच्या ईमेलवर विचारा. उत्तर आलं नाही तर तेही चारचौघांत सांगा. रिव्ह्यू करणाऱ्यांनी निदान एवढं करावं: आजच्या स्वॉचवर आजची तारीख घालावी, अर्धा भाग झाकून खिडकीत लावावा आणि तीन महिन्यांनी दुसरा व्हिडिओ टाकावा. त्याला पहिल्याइतके व्ह्यूज मिळणार नाहीत, पण रिव्ह्यू म्हणावा असा तोच असेल. चित्रं विकणाऱ्यांनी वापरलेल्या रंगांची नावं चित्राच्या मागे लिहून द्यावीत, आणि कच्चा रंग वापरला असेल तर गिऱ्हाईकाला तसं तोंडावर सांगावं.

बाकीच्यांसाठी एक काम, तेही फुकटातलं. घरातल्या प्रत्येक शाईची एक ओळ आणि प्रत्येक पेन्सिलीचा एक पट्टा कागदावर ओढा, अर्धा कागद झाकून खिडकीला चिकटवा आणि विसरून जा. पुढच्या वेळी कोणाला पत्र लिहायला बसलात तर आधी त्या कागदाकडे बघा आणि मग बाटली उघडा.