उंचीची नोंद आणि आतड्याचा रोग

वर्गातील एखादा मुलगा दोन वर्षे पहिल्याच बाकावर बसतो. बरोबरीची मुले उंच होऊन मागच्या बाकांवर जातात. ‘अंगलटच बारीक’ असे म्हणून घरची माणसे समाधान मानतात. क्वचित याचे कारण आतड्याच्या दीर्घकालीन दाहात असते. या दाहाचे मुख्य प्रकार दोन : मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह आणि क्रोनचा रोग. दुसऱ्यास हे नाव बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये केलेल्या वर्णनावरून मिळाले.

पोटदुखी, जुलाब व रक्तस्राव ही लक्षणे प्रौढांतही आढळतात. मुलांची हानी मात्र अधिक असते. भूक मंदावते, अन्नाचे शोषण नीट होत नाही आणि दाहामुळे वाढीच्या संप्रेरकाचे कार्यही अडते. स्टेरॉइड औषधांनी दाह शमतो. परंतु ती दीर्घकाळ दिल्यास त्यांनीही वाढ खुंटते. हाडांची वाढ एकदा थांबली की गमावलेली उंची परत मिळत नाही. म्हणूनच २०१४ साली युरोपातील तज्ज्ञसंघटनांनी मुलांमधील क्रोनच्या रोगासाठी आरंभी स्टेरॉइडऐवजी सहा ते आठ आठवडे केवळ परिपूर्ण द्रव आहार देण्यास प्राधान्य दिले.

अशी मानके संपन्न देशांनाच परवडतात, असा आक्षेप घेतला जातो. त्यात काही तथ्य आहे. तयार द्रव आहार महाग असतो. शिवाय भारतात आतड्याचा क्षय क्रोनच्या रोगाशी इतका मिळताजुळता दिसतो की निदानात चूक होऊ शकते. क्षय असताना स्टेरॉइड दिल्यास तो बळावतो. उलट क्रोनच्या रोगावर क्षयाची औषधे दिल्यास मोलाचे महिने वाया जातात. तेव्हा परदेशी नियमावली जशीच्या तशी स्वीकारणे इष्ट नव्हे.

परंतु या आक्षेपाच्या आड मानकांचा मूळ हेतूच डावलणे योग्य नाही. जुलाब थांबले एवढ्यावरून मूल बरे झाले असे मानू नये. ते पुन्हा वाढू लागले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक भेटीत वजन व उंची मोजून वाढीच्या तक्त्यावर नोंदणे हे पहिले मानक ठरावे. त्यास वजनकाटा व मोजपट्टी पुरते. शाळेतही उंची मोजली जाते. परंतु ती नोंद वहीत पडून राहिली, तर तिचा उपयोग काय? वाढ थांबलेली दिसताच मुलास वैद्याकडे पाठविले, तरच ती मोजणी सार्थकी लागेल.