लाइफटाइम ऑइल, पण लाइफ कोणाची?

दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणाचा ना कोणाचा फोन येतो. कधी खडकवासल्याचा कोर्समेट असतो, कधी पेन्शनवर गेलेले एखादे सर. प्रश्न एकच. ऑटोमॅटिक पिकअप आहे, डोंगरात चालते, पन्नासेक हजार किलोमीटर झाले. गिअरबॉक्सचं ऑइल बदलून घ्यावं का? सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणतो, "सर, हे लाइफटाइम ऑइल आहे. काही गरज नाही. उलट उघडलं तर वॉरंटीचा प्रॉब्लेम होईल."

माझं उत्तर ठरलेलं आहे. बदला. वॉरंटीत असतानाच बदला, कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये बदला आणि कागदावर नोंद करून बदला. फोनवर एवढंच सांगून होतं, कारणं सांगायची राहून जातात. म्हणून हा लेख.

आधी गैरसमज नको. ऑटोमॅटिक म्हणजे चैन, असं समजणारे अजून बरेच आहेत. आपल्या लोकांत मात्र ती अनेकदा गरज असते. पंचवीस-तीस वर्षं पाठीवर वजन घेऊन डोंगर चढ-उतार केलेल्या माणसाचे गुडघे कसे असतात, ते मी सांगायला नको. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४पासून सैनिकांना कृत्रिम पाय बसवतं आहे. ज्याचा डावा पाय तिथे बसवला आहे, त्याला घाटात क्लच दाबत गाडी चालवणं किती अवघड, याचा विचार करा. अशा माणसाचा गिअरबॉक्स गेला तर त्याचं स्वतःच्या जिवावर फिरणंच थांबतं. शेतावर जाणं, बँकेत जाणं, ईसीएचएसमध्ये औषधं आणायला जाणं, सगळ्यासाठी दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं.

आता ऑइलकडे येऊ. मॅन्युअल गिअरबॉक्समधलं ऑइल मुख्यतः वंगण असतं. ऑटोमॅटिकमधल्या ऑइलला एकाच वेळी चार नोकऱ्या असतात. टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद पुढे पोचवायची, व्हॉल्व्ह बॉडीतून दाब देऊन क्लच लावायचे-सोडवायचे, गिअर आणि बेअरिंगला वंगण द्यायचं आणि सगळ्यात तयार होणारी उष्णता कूलरपर्यंत वाहून न्यायची. शिवाय आतले क्लच त्याच ऑइलात बुडालेले असतात. त्यांची झीज त्याच ऑइलात मिसळते आणि तेच ऑइल पुन्हा बारीक छिद्रांच्या व्हॉल्व्हमधून फिरतं.

या ऑइलचा मोठा शत्रू उष्णता. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ऑइलच्या ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, हा जुना ढोबळ नियम आहे. उष्णता कुठे तयार होते, हे अरुणाचलात नोकरी केलेल्यांना चांगलं कळेल. भालुकपाँगपासून टेंगा, बोमडिला करत रस्ता सेलाला साडेतेरा हजार फुटांच्या वर जातो. मार्च २०२४मध्ये बोगदा सुरू झाल्यापासून खिंडीतलं बर्फ चुकवता येतं, पण तिथपर्यंतची चढण काही चुकत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागे सामान भरून, ट्रकच्या शेपटाला लागून कमी वेगात चढताना टॉर्क कन्व्हर्टर बराच वेळ लॉक होत नाही. तो घसरत राहतो आणि त्या घसरण्यात वाया जाणारी ताकद थेट ऑइल तापवते. समोरून वारा नाही आणि उंचीवरची विरळ हवा कूलर थंड करायला कमी पडते. त्यात गाडी चिखलात रुतली की डी-आर, डी-आर करत झोके देऊन बाहेर काढायची सवय असतेच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर शनिवार-रविवार फिरणारी गाडी आणि ही गाडी, दोन्हींच्या मीटरवर पन्नास हजारच दिसतात. आतलं ऑइल मात्र सारखं नसतं.

मग कंपनी "लाइफटाइम" का म्हणते? शब्द नीट वाचा. लाइफ कोणाची, ते तिथे लिहिलेलं नसतं. पिकअपवर बहुधा तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी असते. तेवढ्या काळात मूळ ऑइलवर गिअरबॉक्स सहसा टिकतो आणि कंपनीचा हिशेब बरोबर ठरतो. तुमचा हिशेब वेगळा आहे. आपण गाडी दहा-बारा वर्षं वापरतो, मग भावाला किंवा मेव्हण्याला देतो. सर्व्हिसच्या यादीत एक काम कमी असलं की गाडी सांभाळायला स्वस्त दिसते, हेही विसरू नका.

हे माझं एकट्याचं मत आहे असं कोणाला वाटेल, म्हणून एक दाखला. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक युरोपीय गाड्यांसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते. त्यातल्या काही गाड्यांचे उत्पादक ऑइल आयुष्यभराचं आहे असं सांगत आले. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला, असं सांगते. शिवाय आपल्या गाडीचं मॅन्युअल शेवटपर्यंत वाचा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये नेहमीच्या वापराचा एक तक्ता असतो आणि कठीण वापराचा दुसरा: डोंगर, धूळ, जड माल, ट्रेलर ओढणं. आपल्या पोस्टिंगचे रस्ते दुसऱ्या तक्त्यात बसतात. अ‍ॅडव्हायझर बहुधा पहिला तक्ता बघून बोलत असतो.

दुसरी बाजूही खरी आहे. निष्काळजीपणे बदललेलं ऑइल न बदललेल्या ऑइलपेक्षा वाईट. आजच्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी सपाटीवर ठेवून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला आल्यावर ओव्हरफ्लो प्लगमधून पातळी बघावी लागते. अर्धा लिटर कमी-जास्त झालं किंवा चुकीच्या ग्रेडचं ऑइल पडलं, तर चांगला गिअरबॉक्स खराब होतो. म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडे गुपचूप बदलून घेण्याच्या मी विरोधात आहे, निदान वॉरंटी संपेपर्यंत तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो फोनवर नेहमी राहून जातो. वॉरंटीत ऑइल बदलणं ही गिअरबॉक्सची तपासणीसुद्धा आहे. खालचा पॅन उघडला की आत लोहचुंबक दिसतात. त्यांवर राखाडी, मऊ, बारीक लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा क्लचच्या अस्तराचे काळे तुकडे दिसले, ऑइलला जळका वास आला, तर आत काहीतरी बिघडतं आहे. हे वॉरंटीत कळलं तर दुरुस्ती कंपनीकडे मागता येते. वॉरंटीनंतर कळलं तर ती तुमच्या ग्रॅच्युइटीतून. ऑइल, फिल्टर, गॅस्केट आणि मजुरी मिळून खर्च हजारांत जातो. गिअरबॉक्सचा खर्च लाखांत.

आमचे एक निवृत्त कर्नल वाईजवळ शेती करतात. गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रिया झालेल्या, म्हणून ऑटोमॅटिक पिकअप घेतली, सेकंड हँड. पहिल्या मालकाने सगळ्या सर्व्हिस वेळेवर केलेल्या, सगळे शिक्के जागेवर, पण गिअरबॉक्सच्या ऑइलला कोणी हात लावलेला नाही. पसरणीच्या घाटात गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना घसरायला लागली तेव्हा वॉरंटी संपून सात महिने झाले होते. पॅन उघडला, चुंबक दिसत नव्हते इतका गाळ. ते तुकडे वर्षभर आधी कोणी पाहिले असते, तर बिल वेगळ्या माणसाच्या नावावर निघण्याची शक्यता होती. त्या उन्हाळ्यात सर गड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून रानात जात होते.

"उघडलं तर वॉरंटी जाईल" या धमकीबद्दल दोन शब्द. वॉरंटी हा करार आहे; कोणत्या कलमाने जाईल, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. बाहेरच्या मिस्त्रीकडे काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेलं, त्यामुळे फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. आपण तर कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये, कंपनीचंच ऑइल घालायला सांगतो आहोत. त्याने वॉरंटी कशी जाईल, हे त्यांनी लिहून द्यावं.

तर काम असं करा.

१. सर्व्हिसच्या आठवडाभर आधी डीलरला ई-मेल टाका: गाडी डोंगरात, मालासह चालते, मॅन्युअलमधल्या कठीण वापराच्या तक्त्याप्रमाणे गिअरबॉक्स ऑइल बदलून हवं आहे, खर्च मी देईन. नकार असेल तर तोही ई-मेलवरच मागा. तोंडी नकार देणारे लेखी नकार द्यायची वेळ आली की बहुधा तयार होतात.

२. जॉब कार्डवर आणि बिलावर ऑइलचा ग्रेड, पार्ट नंबर, किती लिटर आणि मीटरचं रीडिंग या चारही गोष्टी हव्यात.

३. पॅन निघतो त्या गिअरबॉक्समध्ये पॅन काढायला सांगा, चुंबकांचा फोटो काढा. जुनं ऑइल पारदर्शक बाटलीत घ्या.

४. एकदा काढून भरल्याने सगळं ऑइल बदलत नाही. बरंच कन्व्हर्टरमध्ये उरतं. वापर फार कठीण असेल तर काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तेच करा. मशीन लावून जोरात फ्लश करण्याचा आग्रह धरू नका.

५. धातूचे कण दिसले तर तिथल्या तिथे वॉरंटी क्लेम नोंदवा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालचा आयोग आहेच.

यात आपल्याला नवीन काहीच नाही. एनडीएत पहिल्या टर्मला सायकल हातात येते तेव्हापासून शिकवलं जातं की वाहन बिघडायची वाट बघायची नसते. पलटणीच्या एमटीत फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड होते. गाडी ठणठणीत असली तरी होते. ईएमईचं ब्रीद "कर्म ही धर्म" आपण नोकरीभर वाचलं. मग घरच्या गाडीच्या बाबतीत, काउंटरमागच्या मुलाने "गरज नाही" म्हटलं की आपण मान डोलावून बाहेर का येतो? शिक्क्यांनी भरलेलं सर्व्हिस बुक म्हणजे कंपनीची यादी पूर्ण झाली. गाडीची देखभाल झाली की नाही, ते पॅन उघडल्यावर कळतं.

तुमच्या वॉरंटीचं एखादं वर्ष उरलं असेल, तर ते वर्ष अजून तुमच्या बाजूने आहे. ई-मेल आजच टाका.