‘चालत नाही’ आणि ‘चालू देत नाही’

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि बसलोय तो तावातावानेच. घरच्या मंडळींना कारण माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

आमचे काका डीटीपीवाले. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, एखाददुसरा दिवाळी अंक, सगळं त्यांनी घराच्या माडीवर बसून जुळवलं. आमचा कुलवृत्तांतही त्यातलाच. पेजमेकरमध्ये, विंडोज एक्सपीवर. गेल्या पावसाळ्यात त्या काँप्युटरचा मदरबोर्ड गेला. हार्डडिस्क तेवढी शाबूत राहिली. नवीन काँप्युटर आला तेव्हा काका म्हणाले, "यावर माझं एक्सपी टाकून दे."

माझा भाचा हसला. "आजोबा, कुठल्या जमान्यात आहात? अपग्रेड व्हा की!"

माझं डोकं फिरलं ते इथे. अहो, काकांना एक्सपीचं काय कौतुक? त्यांना त्यांचं काम हवं होतं. ते काम ज्या कपाटात आहे त्याची किल्ली एक्सपी आहे, एवढंच. किल्ली जुनी आहे म्हणून माणसाला हसायचं हा कुठला न्याय?

आता दुसरी बाजू. नव्या यंत्रावर जुनी सिस्टीम टाकताना ज्या अडचणी येतात त्यातल्या पुष्कळशा खऱ्या असतात. एक्सपी आलं ऑक्टोबर २००१मध्ये. आजच्या डिस्कशी बोलण्याची भाषा त्याच्या मूळ सीडीत नाहीच. त्यामुळे एक तर डिस्क सापडत नाही, नाहीतर निळा पडदा येतो. नेहमीचं ३२ बिटचं एक्सपी ४ जीबीच्या वर मेमरी वापरत नाही. आजच्या बऱ्याच यंत्रांतून तर जुन्या बायॉसची सोयच काढून टाकलेली आहे, म्हणजे एक्सपीला उंबरठाच मिळत नाही. यात कुणाचा दोष? कुणाचाच नाही. २००१ साली बसून आजच्या डिस्कचा ड्रायव्हर कोण लिहिणार होतं? याला मी म्हणतो ‘चालत नाही’. ते मला मान्य आहे.

‘चालत नाही’चा एक जुना किस्सा मोठा गमतीचा आहे. एएमडीचा के६-२ हा प्रोसेसर १९९८मध्ये आला. त्यातल्या ३५० मेगाहर्ट्झ आणि त्यापुढच्या चिपांवर विंडोज ९५ सुरू होतानाच कोलमडायचं. कारण काय, तर विंडोजमधला एक कोड ठरावीक फेऱ्या मारायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि त्या वेळाने भागायचा. नव्या चिपने फेऱ्या इतक्या झटकन मारल्या की वेळ भरला शून्य. शून्याने भागाकार, खेळ खलास! यावर एक छोटीशी दुरुस्ती निघाली आणि विंडोज ९५ त्या चिपवर चालायला लागलं. म्हणजे तेव्हा दुरुस्ती निघाली ती चालावं म्हणून.

आता २०१७ बघा. विंडोज ७ला १४ जानेवारी २०२०पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील, असं मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलेलं होतं. पण जानेवारी २०१६मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढच्या नव्या प्रोसेसरांना साथ मिळेल ती फक्त नव्या विंडोजची. एप्रिल २०१७मध्ये तर विंडोज ७च्या अपडेटमध्येच प्रोसेसर ओळखणारी तपासणी आली. इंटेलची सातवी पिढी किंवा एएमडीचा रायझन दिसला की पुढचे अपडेट बंद. यंत्र चालत होतं, विंडोज ७ चालत होतं, लोक ती तपासणी चुकवून अपडेट घेतही होते आणि ते बसतही होते. म्हणजे अडचण यंत्राची नव्हती, धोरणाची होती. याचं नाव ‘चालू देत नाही’.

माझं भांडण आहे ते एवढ्याशीच. पहिल्याला निसर्गनियम म्हणा. दुसऱ्याला म्हणू नका.

यावर नेहमीचं उत्तर येतं सुरक्षेचं. उत्तर खोटं नाही. एक्सपीची साथ ८ एप्रिल २०१४ला संपली. मे २०१७मध्ये वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा मायक्रोसॉफ्टलाही अपवाद करून एक्सपीसाठी पॅच काढावा लागला. एक्सपी घेऊन इंटरनेटवर जाणारा माणूस दार उघडं टाकून झोपतो, हे मी काकांनाही सांगितलं. पण मग त्याच वर्षी, साथ चालू असलेल्या विंडोज ७चे सुरक्षेचेच अपडेट अडवले गेले, ते कुणाच्या सुरक्षेसाठी?

दुसरं उत्तर, "कंपन्यांनी जुनं ओझं किती वर्षं वाहायचं?" आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली ७ एप्रिल १९६४ला. त्या काळच्या धाटणीचे प्रोग्रॅम आयबीएमच्या आजच्या मेनफ्रेमवरही चालू शकतात. कारण गिऱ्हाईक बँका आहेत! माडीवरच्या डीटीपीवाल्यासाठी कोण एवढं करणार? आणि करा असं मी म्हणतही नाही. ओझं वाहू नका, पण निदान आडवा पाय तरी घालू नका.

काकांचं पुढे काय झालं ते सांगतो. नव्या यंत्रात व्हर्च्युअलबॉक्स टाकला आणि त्याच्या पोटात एक्सपी. आत एक्सपीला वाटतं आपण जुन्याच यंत्रावर आहोत. त्याचं नेट तोडून टाकलं. कुलवृत्तांत उघडला, अक्षरंही नीट दिसली. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण टायपिंगच्या सॉफ्टवेअरला हवा होता त्याचा डोंगल, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं कुलूप. नव्या यंत्राला तसं पोर्टच नाही. विकणाऱ्यांकडे चौकशी केली, तर "नवीन आवृत्ती घ्या." पैसे मोजून घेतलेली वस्तू, स्वतः टाइप केलेली पानं, आणि त्यात एक वेलांटी बदलायची सोय नाही. हेही ‘चालू देत नाही’च.

शेवटी मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये बदलला. जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले, तेही प्रत्येकाचे वेगळे. त्यामुळे रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरं फुटलेली. काका रोज सकाळी चहानंतर पाच पानं तपासतात. परवा म्हणाले, "एकदा केलेलं काम परत करतोय रे." मला काही बोलता आलं नाही.

असो. भाच्याला आता रोज एक पान वाचून दाखवायला बसवलंय. त्याचं हसणं बंद झालंय. आणि नातेवाईक मंडळींनो, तुमच्याकडे जुन्या फाँटातलं काही असेल, पत्रं, हिशेब, आजीच्या पाककृती, तर ते उघडतंय तोवरच बाहेर काढा. यंत्र बंद पडायची वाट बघू नका.