पैठणच्या पोरीला पांढरं अस्वल कशाला?

पालकहो, शिक्षकहो,

सप्टेंबर 2025च्या अखेरीस जायकवाडी धरणातून तीन लाख क्युसेकच्या वर पाणी सुटलं, पैठणकरांना घरं सोडावी लागली, मराठवाड्यातल्या कितीतरी रानांची माती खरडून गेली. हे तुम्ही पाहिलंय. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. चिखल वाळतो न वाळतो तोच आपल्या शहरातल्या एका शाळेत ‘हवामान बदल’ या विषयावर चित्रकला स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस कुणाला? बर्फाच्या तुकड्यावर बसून रडणाऱ्या पांढऱ्या अस्वलाला. ते काढणाऱ्या मुलीच्या मामाची कपाशी पैठण तालुक्यात पाण्याखाली होती. तिला दोष नाही. बाईंनी अस्वलच दाखवलं होतं.

माझं भांडण या ‘दिन साजरा करण्या’शी आहे. 5 जूनचा पर्यावरण दिन आला की फ्लेक्स, घोषणा, एक रोप आणि त्याला धरलेले अकरा हात. रोप प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पर्यावरण शिकवायलाच हवं, हे सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली बजावलं. आपण त्यातून काय उभं केलं? स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळणारी प्रकल्पवही!

आता जरा शांतपणे हिशेब करू. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. शेतकऱ्याच्या भरपाईचं गाडं या आकड्यावर अडतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे 65 मिलिमीटरला एका एकरावर 2 लाख 63 हजार लिटर, दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. नळाची वाट बघत दिवस मोजणाऱ्या या शहरातल्या मुलाला टँकर समजावून सांगावा लागत नाही. हे सव्वीस टँकर जमीन पिते की माती घेऊन वाहून जातात, हे बरंचसं मातीतल्या सेंद्रिय कर्बावर ठरतं. तो अर्धा टक्क्याच्या खाली असला की मातीपरीक्षणाच्या कागदावर ‘कमी’ असं येतं. हा कर्ब राखणं हेच सेंद्रिय शेतीचं काम; म्हणून हवामान बदल आणि सेंद्रिय शेती हे दोन धडे नाहीतच, एकच आहे.

यावर उत्तर ठरलेलं: “आम्ही सेंद्रिय शिकवतो की! जीवामृत केलं होतं.” केलं होतं, ठाऊक आहे. दोनशे लिटरचं पिंप, दहा किलो शेण, दोन किलो गूळ, आणि पिंपाला हार. ते ज्या मातीत ओतलं तिचा कर्ब आधी किती, नंतर किती? कुणी मोजला? न मोजता केलेल्या प्रयोगाला आमच्याकडे सत्यनारायण म्हणतात.

दुसरे शहाणे श्रीलंकेचं नाव घेतात. बरोबर आहे. 2021 साली तिथं रासायनिक खतं एका फटक्यात बंद केली आणि भाताचं उत्पादन कोसळलं. मग तेही शिकवा ना! आणि दुसरी बाजूही: 45 किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र जेमतेम 21 किलो, त्यातलं थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, आणि तो वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. दोन्ही बाजू ऐकून मुलांना भांडू द्या वर्गात. घोषणा पाठ करण्यापेक्षा ते बरं.

“शाळेला जमीन नाही,” ही रड तर ऐकवत नाही. पाऊस मोजायला सरळ भिंतींचा एक पत्र्याचा डबा आणि पट्टी लागते. गच्ची आहे ना?

येत्या 5 जूनला फ्लेक्सची वर्गणी मागायला आले तर देऊ नका. गावाकडच्या शेताची मृदा आरोग्य पत्रिका मुलाच्या दप्तरात घाला आणि गुरुजींना सांगा, वर्गात ही वाचून दाखवा.