विश्लेषण : कृत्रिम नखे झटपट घट्ट करणाऱ्या रसायनांवर युरोपात बंदी का? भारतीय ग्राहकांनी काय पाहावे?

नेल एक्स्टेन्शन आणि नेल आर्ट हा आता केवळ महानगरांतील हौसेचा विषय राहिलेला नाही. लग्नसराईत आणि सणासुदीला लहान शहरांतील पार्लरमध्येही त्यासाठी गर्दी असते. एका बैठकीत जितकी नखे लवकर तयार होतील, तितके अधिक ग्राहक. त्यामुळे ‘किती वेळात घट्ट होते’ हा या व्यवसायातील कळीचा प्रश्न. हा वेग ठरवणाऱ्या दोन रसायनांवर युरोपीय महासंघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे. ती का, आणि आपल्याकडच्या पार्लरशी तिचा संबंध काय?

बंदी नेमकी कशावर?

पहिले रसायन ‘टीपीओ’, म्हणजे ट्रायमिथाइलबेंझॉइल डायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड. जेल नेलपॉलिश दिव्याखाली धरल्यावर घट्ट होण्याची क्रिया ते सुरू करते. दुसरे ‘डीएमटीए’, म्हणजे डायमिथाइल टोलिलअमाइन. द्रव आणि पावडर मिसळून केल्या जाणाऱ्या ॲक्रिलिक नखांत ते वेग वाढवणारे रसायन म्हणून वापरले जाते.

टीपीओ प्रजननक्षमतेस घातक, तर डीएमटीए कर्करोगकारक असल्याचे मानून युरोपने दोन्हींना ‘१ बी’ या वर्गात टाकले. या वर्गातील पदार्थ सौंदर्यप्रसाधनांत वापरायचा असेल, तर तेथील कायद्यानुसार खास सवलत मिळवावी लागते. ती न मिळाल्याने बंदी लागू झाली. जुना माल संपवण्यासाठी मुदत दिली गेली नाही. विक्रीबरोबरच सलूनमधील वापरही त्या दिवसापासून थांबवावा लागला.

हे पुरावे माणसांवरचे आहेत का?

नाही. टीपीओबाबतचा निष्कर्ष प्राण्यांवरील प्रयोगांवर आधारलेला आहे. डीएमटीएबाबत अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने उंदीर आणि घुशींच्या जातीतील प्राण्यांना ते पोटातून दिले होते. त्यांच्यात यकृताच्या गाठी आढळल्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन ‘२ बी’, म्हणजे माणसात कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवले आहे. नखावर लावलेल्या अल्प प्रमाणातून एखाद्या ग्राहकाला आजार होईलच, असा याचा अर्थ नाही. पर्याय उपलब्ध असताना धोका का पत्करायचा, ही युरोपची भूमिका आहे. वर्षातून दोनदा नखे करणारी ग्राहक आणि दिवसभर त्याच वासात बसणारी कारागीर यांचा संपर्क मात्र सारखा नसतो.

ॲक्रिलिक नख ‘सुकते’ की आणखी काही घडते?

बोलीभाषेत नख ‘सुकले’ म्हणतात. साधे नेलपॉलिश खरोखर सुकते, कारण त्यातील द्रावक उडून जातो. ॲक्रिलिकमध्ये तसे होत नाही. तिथे रासायनिक क्रिया घडते. द्रवात ‘मोनोमर’चे सुटे रेणू असतात. चांगल्या उत्पादनांत हा मोनोमर इथाइल मेथाक्रिलेट (ईएमए) असतो. पावडरमध्ये आधीच तयार झालेले पॉलिमर आणि थोडे बेंझॉइल पेरॉक्साइड असते. दोन्ही एकत्र आले की द्रवातील अमाइन, म्हणजे डीएमटीए किंवा त्यासारखे रसायन, पेरॉक्साइड फोडते. त्यातून तयार झालेले क्रियाशील कण सुट्या रेणूंची साखळी गुंफू लागतात. काही मिनिटांत नख कानशीने घासण्याइतके टणक होते. आतली क्रिया पूर्ण व्हायला मात्र साधारण एक ते दोन दिवस लागतात.

हे तंत्र मुळात दंतवैद्यकातले. कवळी बनवताना वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिकवरून १९५०च्या दशकात फ्रेडरिक स्लॅक या अमेरिकी दंतवैद्याने कृत्रिम नख घडवले. गुडघा किंवा खुब्याच्या सांधेरोपणात वापरले जाणारे ‘बोन सिमेंट’ही याच कुळातले आहे. शस्त्रक्रियागृह किती थंड आहे, यावर ते किती वेळात घट्ट होणार हे अवलंबून असते.

घट्ट होण्याचा वेग कशावर ठरतो?

पहिला घटक तापमान. उष्णतेत क्रिया वेगाने होते, थंडीत रेंगाळते. मे महिन्यात नागपूरच्या पार्लरमध्ये ब्रशवरचा गोळा पसरवण्याआधीच घट्ट होऊ लागतो. जानेवारीत नाशिकला तोच द्रव आणि तीच पावडर वापरून नख बराच वेळ मऊ राहते. फार थंडीत नखावर बर्फाच्या स्फटिकांसारखी नक्षीही उमटते.

दुसरा घटक प्रमाण. ब्रशमध्ये द्रव जास्त असेल तर मिश्रण पातळ राहते आणि सावकाश घट्ट होते. कमी असेल तर लगेच आळते, पण नखाला नीट धरत नाही आणि ठिसूळ होते. तिसरा घटक उत्पादनाची रचना. अमाइन आणि पेरॉक्साइडचे प्रमाण बदलून कंपन्या जलद, मध्यम आणि संथ घट्ट होणारे प्रकार बनवतात. एका कंपनीचा द्रव आणि दुसरीची पावडर मिसळली, की हे गणित कोलमडते.

त्यामुळे वेग आटोक्यात ठेवण्याचे सुरक्षित मार्ग साधेच आहेत. खोलीचे तापमान स्थिर ठेवणे, एकाच कंपनीची जोडी वापरणे, ऋतूनुसार संथ किंवा जलद प्रकार निवडणे आणि एका वेळी लहान गोळा घेणे. थंडीत द्रवाची बाटली गॅस किंवा हीटरजवळ ठेवणे मात्र धोक्याचे, कारण द्रव आणि त्याची वाफ दोन्ही ज्वलनशील असतात. वाटीत उरलेला द्रव परत बाटलीत ओतणेही चूक. ब्रशमधून त्यात आलेली पावडर अख्ख्या बाटलीचा वेग बिघडवू शकते.

घाईची किंमत काय?

क्रिया घडताना उष्णता बाहेर पडते. वेग वाढला की तीच उष्णता कमी वेळात निघते. आधीच घासून पातळ केलेल्या नखावर जाड थर दिला तर चटका बसतो. उलट बाजूने, वरून टणक दिसणाऱ्या नखात न जुळलेले सुटे रेणू उरू शकतात. मिश्रण फार पातळ असेल, किंवा जेलला न जुळणारा दिवा वापरला असेल, तर ही शक्यता वाढते. हे रेणू त्वचेला लागले की ॲलर्जीचा धोका निर्माण होतो.

मेथाक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. बोटांना खाज, भेगा, नख सुटणे ही तिची लक्षणे. हवेतून किंवा हाताने कण पोहोचल्यास पापण्या आणि चेहराही सुजू शकतो. याच कुळातील रसायने दातांच्या फिलिंगमध्ये, बोन सिमेंटमध्ये आणि काही वैद्यकीय उपकरणांच्या चिकटपट्टीत असतात. म्हणजे विशीत जडलेली ॲलर्जी साठीत सांधेरोपणाच्या वेळी आडवी येऊ शकते. जेल आणि प्रायमरमध्ये आढळणाऱ्या ‘हेमा’ या रसायनाचा वापर युरोपने २०२१पासून प्रशिक्षित व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, तो यामुळेच.

स्वस्त द्रवाचा धडा कोणता?

ईएमएचा स्वस्त भाऊबंद म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट (एमएमए). १९७०च्या दशकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नखे विद्रूप होणे आणि त्वचादाह झाल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर शुद्ध एमएमए असलेल्या उत्पादनांविरुद्ध ते प्रशासन न्यायालयात गेले. पुढे तेथील अनेक राज्यांनी नखांसाठी त्याचा वापर बंद केला. एमएमएचे नख फार कडक असते. ते कुठे अडकले तर तुटत नाही, खालचे खरे नखच उपटले जाते. शिवाय ते ॲसिटोनमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून घासून किंवा ओढून काढले जाते.

भारतात काय स्थिती?

युरोपातील बंदी भारतात आपोआप लागू होत नाही. आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० हे मुख्य आधार आहेत. आयात प्रसाधनांची नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे करावी लागते. राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे असते. उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी लेबलवर छापणे बंधनकारक आहे. खरी अडचण सुट्या, लेबल नसलेल्या बाटल्यांची. त्यात ईएमए आहे की एमएमए, डीएमटीए आहे की त्याचा पर्याय, हे पार्लर चालवणारीलाही कळायला मार्ग नसतो.

पर्याय नाहीत असेही नाही. टीपीओ नसलेली जेल आणि डीएमटीएऐवजी दुसरे अमाइन वापरणारे द्रव बाजारात आहेत. युरोपसाठी उत्पादन करणाऱ्या कंपन्यांना सूत्र बदलावेच लागले. जो माल तिथे विकता येत नाही, तो नियम सैल असलेल्या बाजारांकडे वळण्याची भीती आहे. भारतातील नियामकांनी आयात मालाच्या घटकयाद्या तपासणे म्हणूनच तातडीचे ठरते.

ग्राहक आणि कारागिरांनी काय पाहावे?

बाटली दाखवायला सांगावी. लेबल नसेल तर नकार द्यावा. अतिशय उग्र वास आणि ॲसिटोनमध्ये तासभर ठेवूनही न निघणारे नख ही एमएमएची लक्षणे असू शकतात. मिश्रण त्वचेला लागता कामा नये. चटका बसला तर लगेच सांगावे. खाज किंवा सूज आली तर पुन्हा नखे न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि ॲलर्जी निघाल्यास दंतवैद्यालाही ती कळवावी.

कारागिरांसाठी नायट्राइल हातमोजे, झाकणाची वाटी, झाकणाचा कचरा डबा आणि खेळती हवा आवश्यक आहे. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क घासतानाची धूळ काही प्रमाणात अडवतो, मोनोमरची वाफ मात्र अडवत नाही. बंद वातानुकूलित खोलीत दिवसाला आठ-दहा ग्राहक करणाऱ्या मुलीसाठी खिडकी किंवा वाफ बाहेर खेचणारा पंखा ही चैन नसून कामाची मूलभूत अट आहे. तिचा खर्च मालकाने उचलायला हवा.