न दुखणारी गाठ

वारणेच्या पट्ट्यातल्या कोडोलीत भांगलणीला जाणाऱ्या बाईची पाठ दुखली तर ती मलम लावते, दाढ दुखली तर दवाखाना गाठते. स्तनातली गाठ मात्र दुखत नाही, म्हणून राहते. इथेच घोळ आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तपासणी म्हणजे मोठे यंत्रच हवे, हा समजही सोडायला हवा. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. डॉक्टर नव्हे, सेविका! सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या प्रत्येकीची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी व्हायची आहे. कागदावर ती आहेच; पण आडोसा, पडदा आणि बाई तपासनीस नसेल तर कोण पदर बाजूला करील?

गाठ लागली तरी लगेच धसका नको. बहुतेक गाठी साध्या असतात. तरुणपणी सोनोग्राफी, चाळिशीनंतर मॅमोग्राफी, शंका उरली तर सुईने तुकडा काढून तपासणी. सुई टोचल्याने रोग पसरतो, ही निव्वळ भीती.

आमच्या पट्ट्यात दूध संस्थेला रोज फॅट मोजायची शिस्त आहे. त्याच शिस्तीने महिन्यातून एक दिवस, गावातच, पडद्याआड ही हाताने करायची तपासणीही ग्रामपंचायतीने आणि आरोग्य केंद्राने ठरवून सुरू करावी.